बोटांची वर्गवारी

५ जुलै, बोरगाव
पोहोचलो एकदाच्या! सौंसरहून एका ऑटोत सामान, काचपेट्या आणि माझी पाच वर्षांची लेक चंचल, सगळं कसंबसं कोंबून आणलं. केसरबाईंच्या संत्र्याच्या बागेतली खोली भाड्याने मिळाली आहे, चांगली हवेशीर. इथल्या मातीत राहणाऱ्या सापसुरळ्यांची वर्गवारी करायची, म्हणजे पावसाळाभर नुसती चैन. केसरबाईंनी आल्या आल्या चहा दिला आणि बजावलं, "पोरीले उघड्या हातानं मातीत खेळू नका देऊ, बाई. आमच्याकडं कोणी नाई खेळत." विंचवाच्या भीतीने म्हणत असतील. मी हसून मान डोलावली.

१२ जुलै
एकाच बागेत तीन प्रकार! एकीच्या पायाला पाच बोटं, दुसरीच्या तीन आणि तिसरीला तर पायच नाहीत, थेट गांडूळ. तिन्ही जाती वेगळ्या नोंदवल्या. नव्या जातीला नाव देण्याचा मान मिळणार, म्हणून मनात लाडू फुटताहेत. हातमोजे घातले की इतकी बारीक बोटं जाणवत नाहीत, म्हणून मी उघड्या हातांनीच माती उकरते. चंचलही. तिला माझ्यापेक्षा जास्त सापडतात, त्याचा तोराही मिरवते. केसरबाई दिसल्या की आम्ही दोघी शहाण्यासारखे हात झटकतो. आज तिने एका पाच बोटांच्या सापसुरळीच्या पाठीवर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका दिला. ती आता पेटीत, बागेच्या मातीत आरामात आहे.

२ ऑगस्ट
माझं कुठेतरी चुकलंय. पेटीतली सापसुरळी तीच आहे, पाठीवर गुलाबी ठिपका आहे, पण बोटं तीनच. जखम नाही, व्रण नाही. झाकण मी स्वतः लावते. म्हणजे जाती तीन नाहीतच. जात एकच, या मातीत राहून राहून अशी होत जाणारी. सगळी टिपणं खोडली. रडूच आलं. केसरबाईंना सांगितलं, तर त्या चंचलचे हात उलटसुलट करून बघत बसल्या.

१७ ऑगस्ट
अंघोळ घालताना दिसलं. चंचलच्या दोन्ही करंगळ्या नाहीत. दुखत नाही म्हणते. हसते. मी तिचे हात धरून मोरीतच बसून राहिले. केसरबाई सांगत होत्या तेव्हा मी का हसले?

पोळ्याचा दुसरा दिवस
पांढुर्ण्याला नेलं. गोटमारीमुळे, म्हणजे पोळ्यानंतरच्या दगडफेकीच्या जत्रेमुळे, दवाखान्यात डोकी फुटलेल्यांची गर्दी. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. हाडं तुटलेली नाहीत, मुळात नाहीतच. जन्मापासून असंच का, म्हणून त्यांनी विचारलं. मी तिचा वाढदिवसाचा फोटो दाखवला. त्यांनी तो परत दिला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

३१ ऑगस्ट
नागपूरला पळालो होतो. तिथे तिच्या कातडीचे पापुद्रे निघायला लागले, श्वास लागला, रात्रंदिवस गादी उकरायची. कुंडीतल्या मातीत हात खुपसले तेव्हा कुठे झोपली. मग परत आणलं. मीच आणलं. केसरबाई फाटकाशीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोरगी तिकडं नाई जगत आता, बाई. माहा मंगेश बी इथंच राहून राहिला. खाली." मंगेश त्यांचा मुलगा. मला वाटलं होतं, कुठे नोकरीला असेल —

८ सप्टेंबर
चंचलचे हात कोपरापर्यंतच. पाय —
उजेड सोसत नाही तिला. एका संत्र्याच्या झाडाचं आळं मी खोल केलं. तिला आत निजवलं, गळ्यापर्यंत माती लोटली, थोपटलं. किती दिवसांनी हसली.
माझ्या दोन्ही करंगळ्या काल होत्या.

सप्टेंबर
सकाळी आळं रिकामं. हाक मारली की माती हलते. मग खोल —
पेन दोन्ही तळव्यांत धरून.

तारीख माहीत नाही
दुपारी वर आली. कपाळ दिसलं. "आई" म्हणाली. धरायला वाकले, पण बोटं नाहीत, केस निसटले. खाली गेली.
केसरबाईंना सांगितलंय. माझ्यासाठी एक आळं, तिच्याच शेजारी, म्हणजे हाक मारली की तिला —