कान ठीक आहेत

४ मार्च
सिरिल यांच्या रक्त-तपासणीच्या बाटलीत यीस्ट, म्हणजे बुरशी, वाढलं. बाळकुमचे मासेमार, वय एकोणसत्तर, आयसीयू बेड चार. जंतू ओळखणारं मशीन म्हणतं, कॅन्डिडा हेम्युलोनी. मला पटेना. ओळख पटली नाही की मशीन जवळचं नाव ठोकून देतं. बेचाळीस डिग्रीला ठेवून बघते.

६ मार्च
बेचाळीसला मजेत वाढलंय. हेम्युलोनी एवढ्या गरमीत तगत नाही. म्हणजे हे कॅन्डिडा ऑरिस – जनुकात एखादं अक्षर बदललं की बुरशीचं नेहमीचं औषध पचवून बसतं. आयसीयूच्या सलिल डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लगेच दुसरं इंजेक्शन चालू केलं.
रिपोर्ट मात्र अडला. आमचे अ‍ॅडमिन केदार म्हणाले, "उत्तरा मॅडम, पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन आहे. नुसतं यीस्ट लिहा ना. यीस्ट काय, पावात पण असतं."

७ मार्च
केदारनी गूगल केलं. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कानाचं. झालं – व्हेंटिलेटरवरच्या माणसाला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. शेरा: "दोन्ही कान ठीक आहेत." तो कागद घेऊन केदार लॅबमध्ये. "कानात काहीच नाही, मग ऑरिस कसं?"
पहिल्यांदा जपानमधल्या एका बाईच्या कानात सापडलं म्हणून हे नाव, असं सांगितलं.
"मग जपानला कळवा."
मी रिपोर्टवर पूर्ण नाव लिहून तो पाठवून दिला.

८ मार्च
सिरिलची बायको जॉर्जिना स्टीलचा डबा घेऊन लॅबच्या दारात. आत फुग्यांचं पीठ. गेली चाळीस वर्षं ती ताडी घालून पीठ फुगवते, पावासारखे गोल गोल फुगे तळते. नणंद व्हेनेसा म्हणाली म्हणे, तुझ्याच पिठातलं यीस्ट माझ्या भावाच्या रक्तात गेलं.
"टेस्ट करा मॅडम. माझ्या हातानं झालं असंल तर सांगा. मी घाबरणार नाय."
डबा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.
फॉर्मवर रक्त, लघवी, थुंकी, इतर. 'इतर'वर टिक केली. कॉम्प्युटर वय विचारल्याशिवाय पुढे सरकेना. पिठाचं वय – चाळीस.

११ मार्च
पीठ निर्दोष. त्यातलं यीस्ट वेगळंच, घराणंच दुसरं. लेटरहेडवर तसं लिहून शिक्का मारला. जॉर्जिनानं दोनदा वाचलं. मग म्हणाली, "वर व्हेनेसाचं नाव घाला. नायतर म्हनंल, दुसऱ्या कोणाचं हाय."
घातलं. प्रति, श्रीमती व्हेनेसा.

१२ मार्च
खरा गुन्हेगार सापडला. काखेत लावायचा थर्मामीटर; त्याच्यावरून घेतलेल्या नमुन्यात हेच ऑरिस वाढलं. सहा बेड, एकच थर्मामीटर. नुसता पुसून पुढच्याला. केदारनी तो पिशवीत घालून 'पुरावा' म्हणून आपल्या खणात ठेवला. सिस्टर शिवानी हळूच म्हणाली, "सर, तुमचा जेवणाचा डबा पण त्याच खणात असतो."
केदार दुपारी उपाशी.

१५ मार्च
इन्स्पेक्शन पार पडलं. ऑरिस वेळेत ओळखल्याबद्दल शाबासकी मिळाली. केदारना.

२१ मार्च
सिरिलचं रक्त स्वच्छ! नळी काढली, उठून बसले. घसा बसलाय. जॉर्जिनाला पहिलं काय विचारलं, तर – "होडी कोणी वापरली नाय ना?" ती म्हणाली, एवढी रडले मी, आन् यांना होडी. सांगताना हसत होती.

३ एप्रिल
जनुकं वाचणाऱ्या मोठ्या लॅबचा रिपोर्ट आला. सिरिलचं यीस्ट पाठवताना फ्रीजरमधलं, हेम्युलोनी म्हणून नोंदलेलं डिसेंबरचं एक यीस्टही मी तुलनेला दिलं होतं. दोन्हींत फक्त तीन अक्षरांचा फरक. एकच कूळ. तेही ऑरिसच.
डिसेंबरचं म्हणजे रंगूबाईंचं. आयसीयू बेड दोन. त्या गेल्या तोपर्यंत त्यांना नेहमीचंच औषध चालू होतं.
जुना रिपोर्ट काढून बघितला. मशीननं दिलेलं नाव, जसंच्या तसं. खाली सही माझी.