दोन सरांचा समेट आणि तुझं दुसरं प्रकरण

आन तू आईला फोनवर सांगितलंस, शिवशंकरला काम सांगणं म्हणजे वळूला अंगण झाडायला लावणं. बरं. तरी मोठी बहीण ती मोठी बहीणच. तनुजाताईस साष्टांग नमस्कार. इकडं पुण्यात मी कुरिअरच्या थैल्या वाहून ठीक हाय. तिकडं नांदेडच्या हॉस्टेलात तुझी ॲसिडिटी कशी हाय ते कळव (माझ्यामुळं वाढली असंल तर कळवू नको).

झालं ते तुझ्याच सांगण्यावरून झालं. आधी कोण काय लिहून गेलं त्याच्या आढाव्याचं ते दुसरं प्रकरण तीस तारखेपर्यंत दिलं न्हाई तर तुझी पीएचडीची नोंदणी रद्द. म्हणून तू म्हणालीस, शिवा, तिथल्या दोन रिटायर सरांकडून जुने लेख आणून झेरॉक्स पाठव. विषय काय, तर गाय फळवायला शेतकरी देवणी वळू कसा निवडतो. शरणप्पा सर लिहितात, अंगावरचे ठिपके बघून. हणमंतराव सर लिहितात, छट, वळूच्या आईचं दूध बघून. मी ते झेरॉक्सच्या दुकानातच वाचलं (लाईट गेली होती, बसून काय करू) आन जीव तुटला. एकाच कॉलनीतली शिकलेली माणसं, बावीस वर्षं पानाच्या तळाला बारीक अक्षरात एकमेकाची उणीदुणी काढून राहिली. आपल्यात शेताच्या धुऱ्यावरून डोकी फुटली तरी लग्नाला एका पंगतीत बसतात. मग मी दोघांना हॉटेलात बोलावलं, मधी बसलो आन निलंग्याच्या मामानं भावकीतलं भांडण मिटवलं होतं तशी सुपारी फोडली.

लई गोड समेट झाला. दोघं म्हणाले, दोघांचंही अर्धंच खरं. मग हणमंतराव सर मला म्हणाले, "बाळ, तुमच्या घरी शेवटी वळू कोण ठरवतं?" म्हणलं, "आई. बाप नुसता गाईचा कासरा धरून मागं चालतो." दोघांनी एकदमच खिशातून पेन काढला.

वळू घरची बाई ठरवते हेच तर तुझ्या प्रबंधातलं होतं, हे तू फोनवर ओरडलीस तवा कळलं. कुणीच न लिहिलेली जागा शोधायला तुला तीन वर्षं लागली, ती मी एका चहात बुजवली. वर तुझी सैद्धांतिक चौकट त्या दोघांच्या भांडणावर उभी, आन आता ते सकाळी संगं फिरायला जातात. मी भांडण परत लावून बघितलं. शरणप्पा सरांना सांगितलं, हणमंतराव म्हणतात तुम्ही आयुष्यात गोठ्यात पाय ठेवला न्हाई. ते म्हणाले, "खरंच आहे त्याचं."

तुझा भाऊ,
शिवशंकर

ता. क. दोघांचा मिळून लेख येतोय. त्यात माहिती देणारा म्हणून माझं नाव हाय. म्हणजे तुझ्या आढाव्यात आता मला बी घ्यावं लागणार. सातवी नापास लिहायची गरज न्हाई.

ता. क. दुसरा. खरं काम हे. मला खोटं पाड. लिही की शिवशंकरला काही कळत न्हाई, आई एकटी ठरवत न्हाई. शेजारच्या नागुबाई, सुमनबाई आन आई रानात तण निंदायला बसल्या की कुठला वळू ते तिथंच ठरतं, आई फक्त घरी येऊन सांगते. सरांनी विचारलं होतं, अजून काही? माझ्या तोंडात गरम भजं होतं, म्हणून मान हालवून न्हाई म्हणलं. ती जागा अजून मोकळी हाय. तीसच्या आत बस तिथं.

ता. क. तिसरा. माहिती दिल्याचं मानधन म्हणून सरांनी पाकिटात पाचशे दिले. माहिती तुझी होती. समेटाचा चहा-भजी तेवढा वजा करून फोनपेवर पाठवतोय, रुपये तीनशे ऐंशी फक्त.