खांबावरची वाकडी रेघ

मंगळवार, संध्याकाळ

सेलूच्या कापड दुकानातला पहिला खांब काल संगमरवरासारखा रंगवला. पिसानं दगडाच्या शिरेसारखी शेवटची रेघ ओढताना हात घसरला आणि ती वाकडी गेली. तेव्हाच पुसायला हवी होती का? शेठ आधीच बोलले होते, "गिऱ्हाइकाले रंग ओळखू आला, तर बाकीच्या तीन खांबाले मी टाइल्स लावतो."

दिवसभर नजर त्या वाकड्या रेघेवरच.

दुपारी उन्हातून एक बाई आली, ती सरळ खांबाला तळवा टेकून उभी राहिली. बोटं नेमकी त्याच रेघेवर!

"दगड चांगला आहे जी," ती शेठना म्हणाली, "पण थंडा काऊन नाई लागून राह्यला?"

शेठ माझ्याकडे बघून हसले. "उद्या दुसरा खांब धरजो."

त्यावरही एक रेघ वाकडीच ओढणार.