देवघरातल्या सेन्सरची व्यवस्था

मी, लीलाधर उखर्डू सपकाळे, वय अडुसष्ट, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार शनवारा, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र कोणी भरीला न घालता लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नी निर्मला हिला तो मान्य नाही, पण कायदा बायकोला विचारत नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव निर्मलाला. ओट्यावर टायर ठेवू द्यायचे की नाही, हे तिने ठरवावे. माझ्या हयातीत तिने ठेवू दिले नाहीत.

२. गॅरेज, जॅक व पान्यांचा संच मुलगा निरंजन याला. चौदा नंबरचा पाना शेजारच्या योगेश वेल्डरकडे सात वर्षांपासून आहे. तो त्यालाच राहू द्यावा. फक्त माझ्या तेराव्याला त्याला जेवायला बोलवावे आणि पंगतीत सर्वांसमोर विचारावे, पाना कसा आहे.

३. माझे बारा जुने कार्बोरेटर भंगारात देऊ नयेत. कार्बोरेटरची तक्रार कानाला कळते. मी जन्मभर कानाने गाड्या दुरुस्त केल्या आणि त्यातच फसलो.

४. देवघरात बाळकृष्णाच्या डावीकडे तीन पिनांचा एक काळा तुकडा आहे. निर्मला त्याला चौदा वर्षे हळदकुंकू वाहते, कारण तो इच्छापूरच्या देवीच्या देवळातून आणल्याचे मी तिला सांगितले होते. तो देव नाही. तो इंजिनातल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे, आणि तोही बिघडलेला.

असा सेन्सर दाब मोजून गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. हा मेला सपाट रस्त्यावरही घाट चढत असल्यासारखा दाब कळवत होता. त्यामुळे गाडी दीडपट पेट्रोल पीत होती व मागून काळा धूर सोडत होती. प्लगवरची काजळी मी स्वतः पुसली. डॅशबोर्डवर दिवा लागला, तो डोळ्यांत खुपतो म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली.

गाडी केळीच्या एका व्यापाऱ्याची होती. ड्रायव्हर होता निर्मलाचा थोरला भाऊ, जसोंडीचा देवराम; तो तिला निमी म्हणतो. सन २००९. शेठने विचारले, पेट्रोल जाते कुठे? सेन्सर ही वस्तू मला माहीत नव्हती, आणि माहीत नाही असे म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हणालो, "इंजन एकदम टंच आहे शेठ. पेट्रोल कोणी काढतं का, ते देखा." देवरामची नोकरी गेली. गावभर चोर म्हणून नाव झाले. निर्मलाने भावाला ओवाळणे बंद केले.

पुढे शेठने वैतागून गाडी विकायला काढली आणि ती मीच घेतली. माझ्याकडेही ती तशीच प्यायली, तेव्हा मी दोन महिने निरंजनवर संशय घेतला. मग एकेक भाग बदलत शेवटी सेन्सर बदलला आणि धूर थांबला. त्या दिवशी मी गाडीखाली पडून रडलो. तो तुकडा फेकायला हात होईना, सांगायला तोंड होईना, म्हणून देवघरात ठेवला.

५. सबब ही गाडी देवरामला. माझ्या पश्चात निरंजनने ती जसोंडीच्या पारासमोर उभी करून कलम चार मोठ्याने वाचावे. तोवर देवरामला व विशेषतः निर्मलाला काही कळू नये. मला तिची भीती वाटते.

स्थळ: बुऱ्हाणपूर. दिनांक: ९ डिसेंबर २०२५.
सही: लीलाधर उखर्डू सपकाळे

साक्षीदार १: भूपेंद्र चौधरी, वकील. टीप: ठरलेले दुसरे साक्षीदार योगेश वेल्डर ऐनवेळी आले नाहीत, म्हणून निरंजन आपल्या मामांना घेऊन आला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण मामांनी सगळा वाचला. मृत्युपत्रावर साक्ष केली तर त्यातून मिळणारी वस्तू हातची जाऊ शकते, हे मी त्यांना सहीअगोदर दोनदा सांगितले.

साक्षीदार २: देवराम कडू पाटील, जसोंडी. दाजी, वाचलं. सही केली, गाडी गेली तरी चालते. निमी आत चाय टाकते. आताच तिले सांगा. मी तुमच्याजोळ उभा राहतो.