सतरा क्रमांकाचं वाक्य

सोमवार, ३

आज कामावर रुजू झाले. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, तेही आईचं सहा वर्षं दुखणं काढलं या एकाच पात्रतेवर. घरच्या आजारी माणसाचं करता करता करणाऱ्याचं काय होतं, यावर इथे संशोधन चालतं. संशोधन चालवणाऱ्या मॅडमचं म्हणणं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणून हाताखाली असं एक माणूस हवंच. मागच्या महिन्यात याच संशोधनासाठी माझी मुलाखत घेतानाच त्यांनी मला हेरलं. मी क्रमांक एकतीस. इथे नावं कुणाचीच ठेवत नाहीत.

खिडकीजवळचं टेबल मिळालंय, दोन कुंड्या आणि नवे हेडफोन. दादाला फोन केला. तो म्हणाला, आई असायला हवी होती. मग त्याचं नेहमीचं, बरं झालं, झोपेतच गेली, त्रास झाला नाही. मी हो म्हटलं.

शुक्रवार, ७

काम सोपं आहे. मुलाखत ऐकून टाइप करायची. नाव-गाव पुसायचं. माणसं तेच तेच बोलतात, ते एकदाच ठेवायचं. मग प्रत्येक वाक्य एकेका मथळ्याखाली घालायचं: थकवा, झोप, औषधं, नातेवाईक. शेवटी छापील प्रत त्या माणसाकडे पाठवायची. माझं बोलणं बरोबर उतरलंय, अशी त्याने सही केली की झालं. मीही माझ्या प्रतीवर केली होती.

आवराआवर मला उपजतच येते. मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. टाइप करणारी जुनी बाई हसत म्हणाली, कानामागून आली आणि तिखट झाली.

बुधवार, १२

क्रमांक सतरा. म्हातारी बाई, नवऱ्याचं अकरा वर्षं केलं. मजेशीर बोलते. अंथरुणाला खिळले तेव्हा कुठे माझं ऐकायला लागले, म्हणते. पण काहीही विचारा, शेवटी एकच वाक्य: त्यांनी हाक मारली होती, मी उठले नाही. जेवणाचं विचारा, औषधाचं विचारा, तेच. चौदा वेळा मोजलं. नियमाप्रमाणे एक ठेवलं. ते कुठल्याच मथळ्याखाली बसेना, म्हणून तेही काढलं. प्रत सुटसुटीत झाली.

खरं सांगायचं तर ते काढल्यावर मलाच बरं वाटलं.

शुक्रवार, २१

सतराची मुलगी आली होती. आई गेली म्हणाली. प्रत मिळाली त्या दिवशी आईने चष्मा लावून दोनदा वाचली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, ह्यात मी नाहीच. दोन दिवसांत गेली. मुलगी रागावलेली नव्हती. आई त्यात काय शोधत होती, एवढंच तिला हवं होतं. मी सांगितलं, मला माहीत नाही. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

मंगळवार, २५

वाक्य परत घालायला मूळ रेकॉर्डिंग लावलं. चौदाही जागा रिकाम्या. श्वास ऐकू येतो, खुर्ची करकरते, वाक्य नाही. मूळ रेकॉर्डिंगमधलं पुसणं माझ्या हातात नाही. मॅडम म्हणतात, मशीनचा दोष.

दुपारी क्रमांक बावीस ऐकला. निवृत्त पोस्टमन, बायकोच्या पथ्याबद्दल बोलत होता. मध्येच, त्याच्याच आवाजात: हाक मारली होती, मी उठलो नाही.

गुरुवार, २७

ते वाक्य बावीसमधून गेलं. काल सव्वीसमध्ये होतं. आज एकोणतीसमध्ये. पुढे सरकतंय.

चोराच्या मनात चांदणं. म्हणून इथे लिहून टाकते. आई झोपेत गेली नाही. दुपारचे अडीच वाजले होते. मी बाहेरच्या खोलीत पडले होते, टक्क जागी. तिने तीनदा हाक मारली. सहा वर्षांत पहिल्यांदाच मनात आलं, थांबू दे जरा. पाचच मिनिटं. आतल्या खोलीत गेले तेव्हा तिचा हात दाराच्या दिशेला —

दादाला सांगितलं, झोपेत. मुलाखतीतही तेच.

शुक्रवार, २८

एकतीस ऐकलं. माझा आवाज. मॅडम शेवटच्या दिवसाचं विचारतात. मी म्हणते, आईने हाक मारली होती, मी उठले नाही. हे मी बोललेच नव्हते. चौदा वेळा.

आणि त्यानंतर, लांबून, आतल्या खोलीतून — आईची हाक. मुलाखत ऑफिसात झाली होती. तिथे आतली खोली नाही.

शनिवार, २९

घरी. दादाला फोन करून सगळं सांगितलं. त्याने हळू विचारलं, मागून तुला कोण हाक मारतंय?

फोन ठेवला. अडीच.

आतल्या खोलीतून. एकदा.

दुसऱ्यांदा. घरातल्या नावाने —

पाच मिनिटंसुद्धा नाही, आई. या वेळी उठते. ही बघ, उठले. दार तर उघ—