मागांच्या सुट्टीतला टीव्ही

लिंबायत, सुरत
सोमवार, १९९५

काय ही माझी अक्कल! शाळेला सरकारी अनुदानातून टीव्ही मिळाला. तो पालकांनाही दाखवावा म्हणून मी त्यांना नेमकं यंत्रमागांच्या आठवडी सुट्टीला बोलावलं. त्या दिवशी इथे वीजच नसते, म्हणून तर माग बंद असतात. हे विसरलेच कशी?

सगळे इस्त्रीचे शर्ट घालून आले होते. आणि टीव्ही बंद. मला रडू यायचंच बाकी होतं.

माझ्या वर्गातल्या सुनंदाचे वडील, मागावर बोलतात तसेच ओरडून, त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "बाई, टीव्ही ऱ्हाऊ द्या. मन्ही पोर काय वाचस, ते ऐकू द्या."

सुनंदानं धडा वाचला. एरवी शेजारच्या खडखडाटात तिचा आवाज मलाही नीट ऐकू येत नाही. आज माग गप्प होते.

धडा संपला. वडील म्हणाले, "आखो एकदाव वाच."

त्यांना इतकं हळू बोलता येतं?