हँडल आमच्या घरात

२६ फेब्रुवारी, गुरुवार
पाटबंधारेच्या साहेबांचा फोन. कालव्याच्या पाण्याचं शेवटचं आवर्तन सोमवारी सुटणार, आठच दिवस. धरणातलं बरंच पाणी खालच्या धरणाला गेलं, आता एवढंच उरलंय. कालव्यातून निघणाऱ्या आमच्या चारीवर वरून खाली अकरा गेटं. एकवर आमची आणि भाऊजींची शेतं, अकरावर शांताबाईची फुलं. मागच्या आवर्तनात तिकडे टेलला, चारीच्या शेवटाला, थेंब पोचला नाही. गेट एक मीच उघडलं होतं. भाऊजी म्हणाले उघडा, मी उघडलं. पाणीवापर संस्थेची अध्यक्ष म्हणे! सहीपुरती.

२८ फेब्रु., शनिवार
शांताबाई घरी आली. चहा घेतला नाही. पाडव्याचा झेंडू कळीवर आहे, एक पाणी मिळालं तर हाती लागेल.
"ताई, धरणाच्या मोर्चात तुमीच वरडत व्हत्या ना, आमचं पाणी पळवू नका? मंग आमचं कोन पळवतंय?"
तोंडात मारल्यासारखं झालं. घसा बसेपर्यंत ओरडले होते मी. त्यातलं "आमचं" म्हणजे कोणाकोणाचं, हे तेव्हा मनातही आलं नाही.

१ मार्च, रविवार
बैठक. उभी राहून सांगून टाकलं, यंदा पाणी टेलपासून. आधी अकरा, मग दहा, मग नऊ. सगळ्यात शेवटी एक. भाऊजी हसले.
"वहिनी, पाणी वरून खाली जातं. उलटं नाय जात."
म्हटलं, जाऊ दे ना खाली, मधे अडवू नका एवढंच. नियमांच्या वहीत हेच लिहिलंय. वही वाचून दाखवली. कोणी हसलं नाही मग.
घरी आल्यावर दाराला आतून कडी घातली. भीतीने नाही, रागाने. थोडी भीतीनेही.

२ मार्च, सोमवार
पाणी सुटलं. वरची दहा गेटं बंद. हँडल एकच, सगळ्या गेटांना तेच लागतं. ते अध्यक्षाच्या घरी ठेवायचं, हा ठराव या पुरुषांनीच केलेला. आता भोगा. पिठाच्या डब्यामागे ठेवलंय.
भाऊजी दोनदा येऊन गेले. त्यांच्या विहिरीला पाणी आहे, तरी कांद्याला पाटाचंच हवं.

४ मार्च, बुधवार
शांताबाईचा फोन, गेट अकराला बोटभरच पाणी. चारीने बघत निघाले. लांब जायची गरजच पडली नाही. गेट एकजवळ जाड काळी नळी चारीत बुडवलेली, दुसरं टोक भाऊजींच्या कांद्यात. ओढून काढली. गुडघ्यापर्यंत चिखल.
"घरातलीच बाई आमच्या मुळावर उठली!" भाऊजी बांधावरून.
"नळी घरी येऊन न्या. चहा टाकते."
आमचे हे तिथेच उभे होते. नजर कांद्याकडे. भाऊजींपेक्षा ह्यांचा राग जास्त आला.

५ मार्च
आमच्या कांद्याची पात पिवळी पडायला लागली. आमच्या विहिरीने केव्हाच तळ गाठलाय. ह्यांनी मूठभर पात आणून ओट्यावर ठेवली आणि आंघोळीला गेले. रडले. डब्यामागे हात घातला होता मी, खोटं कशाला लिहू. मग डबाच पुढे ओढून भाकरी करायला घेतली.

६ मार्च, शुक्रवार
शांताबाई फोनवर ओरडतच होती. "आलं, ताई! लय गार हाय!"
निम्मं रान भिजलं. निम्मं राहिलंय. पुढची गेटं धरली तर एकवर यायला शेवटच्या दिवसाची दुपार होईल. आलं तर. नाही आलं तर आमचा कांदा...

७ मार्च, शनिवार
उद्या सकाळी दहा वाजता संस्थेची तातडीची सभा. विषय: अध्यक्ष बदलणे. भाऊजींचा निरोप, "वहिनींना म्हणावं, हँडल घेऊन या."
ह्यांना सांगितलं. ऐकून उठून गेले. थोड्या वेळाने बघते तर ओट्यावर हँडल, ग्रीस लावून पुसलेलं.
म्हटलं, हे काय?
"जड जातं तुला. सकाळी लवकर जायचंय ना?"
सकाळी सहाला गेट अकरावर जाणार. शांताबाईचं उरलेलं रान, मग गेट दहा. तिथून थेट सभेला, चिखलाच्या पायांनी. हँडल घेऊन या म्हणालेत, नेणार आहे. देणार आहे असं कोण म्हणालं?